मार्शल लॉचे दोन मे महिने : सोलापूरचा प्रेक्षक आणि कोरियन राजकीय चित्रपट

कोरियन राजकीय चित्रपटांविषयी आपल्याकडे बोलताना एक गोष्ट सहज गृहीत धरली जाते. दडपशाही, प्रतिकार, बलिदान हे अनुभव सर्वच मानवजातीचे असल्यामुळे हे चित्रपट कोणत्याही सुजाण प्रेक्षकाला सारखेच कळतात, असे ते गृहीतक. आपल्या काव्यशास्त्रातील साधारणीकरणाच्या कल्पनेचाही त्याला आधार देता येतो : व्यक्ती, स्थळ, काळ यांची विशिष्टता गळून पडते आणि सहृदयाच्या ठायी भाव तेवढा उरतो. प्रेमकथेच्या बाबतीत हे काही अंशी मान्य करता येईल. राजकीय चित्रपटातून स्थळ आणि काळ गळून पडले तर मात्र हाती फारसे काही उरत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी वाचकाच्या ज्या अपेक्षाक्षितिजाची चर्चा केली, ते क्षितिज येथे केवळ वाङ्मयीन नसते. प्रेक्षकाच्या गावाने काय लक्षात ठेवले आणि काय विसरले, यातूनही ते घडलेले असते. हा मुद्दा अमूर्त पातळीवर न मांडता एका शहरापुरता तपासून पाहावा, असे आम्हाला वाटते. ते शहर सोलापूर.

सोलापूर निवडण्याचे कारण म्हणजे 'मार्शल लॉ' हा शब्दप्रयोग. १९८० च्या ग्वांगजूवरील कोणताही कोरियन चित्रपट लावला की पहिल्या काही मिनिटांतच उपशीर्षकांत तो येतो. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाच्या लेखी ती एक परकी प्रशासकीय संज्ञा असते. सोलापुरात मात्र ती इंग्रजी राहिलेली नाही. तिला तारीख आहे, पेठा आहेत, फाशी गेलेल्या चार माणसांची नावे आहेत.

ती हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडी येथे अटक झाली. ती बातमी येताच गिरण्या आणि बाजार बंद पडले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले, गोळीबार झाला. शंकर शिवदारे त्या दिवशी मारले गेले. खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटवली, न्यायालयाची इमारत जाळली. कलेक्टर नाईट यांची यंत्रणा शहरातून मागे हटली आणि ९ ते ११ मे या दिवसांत गावाचा कारभार काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिला. रहदारीचे नियमनसुद्धा तेच करीत होते. १२ मेच्या रात्री लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो ३० जूनपर्यंत चालला. पुढे मंगळवार पेठ चौकीतील दोन पोलिसांच्या हत्येबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खटला होऊन १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान : मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात बोलणाऱ्या या गावाने त्या चौघांत स्वतःचे प्रतिबिंब पाहिले, यात नवल नाही. शहरात त्यांचे पुतळे आहेत, आणि नाटके ज्या रंगमंदिरात होतात त्याचे नावही हुतात्मा स्मृती मंदिर आहे.

आता याच्या शेजारी ग्वांगजू ठेवू. २६ ऑक्टोबर १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळी घालून हत्या केली. १२ डिसेंबरला जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्करात बंड करून सत्ता बळकावली. १७ मे १९८० रोजी लष्करी कायदा देशभर लागू झाला. दुसऱ्याच दिवशी ग्वांगजूत विद्यार्थ्यांवर पॅराट्रूपर तुटून पडले, आणि २१ मे रोजी जमावावर गोळीबार झाल्यानंतर नागरिकांनी शस्त्रे हाती घेऊन सैन्याला शहराबाहेर हटवले. पुढचे काही दिवस शहर नागरिकांच्या ताब्यात होते. बायका रस्त्यावर भात शिजवून त्याच्या मुठी वळून वाटत होत्या, रक्तदानासाठी रांगा लागत होत्या. २७ मेच्या पहाटे सैन्य रणगाड्यांसह परत आले आणि प्रांतिक सरकारच्या इमारतीत शेवटपर्यंत थांबलेल्यांना त्याने ठार केले किंवा पकडले.

जांग हून यांचा 'ए टॅक्सी ड्रायव्हर' (२०१७) पाहताना सोलापूरच्या प्रेक्षकाला जे लगेच कळते ते म्हणजे हे मधले दिवस. युर्गेन हिंट्झपेटर हा जर्मन बातमीदार आणि त्याला सोलहून ग्वांगजूला नेणारा टॅक्सीवाला यांची ही गोष्ट. भाडे मिळते म्हणून निघालेला, राजकारणाशी काही देणेघेणे नसलेला टॅक्सीवाला शहरात शिरतो तेव्हा तेथे भीतीइतकाच एक विलक्षण उत्साह त्याला दिसतो. कोणी त्याच्या हातावर भाताची मूठ ठेवते, पंपावर गाडीत फुकट पेट्रोल भरून मिळते. ज्याच्या गावाच्या इतिहासात अशी मोकळीक नाही, त्या प्रेक्षकाला ही दृश्ये दिग्दर्शकाने घातलेला गोडवा वाटण्याची शक्यता असते. काही परीक्षणांत तसा सूरही आढळतो. सत्ता निघून गेल्यावर गाव स्वतःला कसे सांभाळते, ही गोष्ट ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते त्यांना त्यात अतिशयोक्ती दिसत नाही. येथे पार्श्वभूमी प्रेक्षकाला खरोखरच मदत करते.

पण तीच पार्श्वभूमी पुढच्या क्षणी दिशाभूलही करते. सोलापुरात आलेले सैन्य परक्या सरकारचे होते. ग्वांगजूत आलेले सैन्य त्याच भाषेत बोलत होते, तेच राष्ट्रगीत म्हणत होते. नागरिकांनीही मिरवणुकीतल्या शवपेट्यांवर कोरियाचाच राष्ट्रध्वज पांघरला होता. आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या चौकटीत झेंडा एका बाजूचा असतो. येथे तो दोन्ही बाजूंना आहे, आणि नेमकी तीच या चित्रपटांची वेदना आहे. मराठी प्रेक्षक ती सहज ओलांडून जातो. त्याच्या मनात रणगाडा आपोआप 'त्यांचा' होतो.

आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासात या वेदनेच्या जवळपास जाणारा काळ म्हणजे आणीबाणी. पण जून १९७५ ते मार्च १९७७ या काळाची मराठी स्मृती मुख्यतः तुरुंगाची, सेन्सॉरची आणि भाषणांची आहे. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी घेतलेली भूमिका ही आपली त्या काळाची ठळक प्रतिमा. तिचे मोल कमी नाही. पण आपल्या आणीबाणीच्या आठवणीत माणूस बोलतो आणि पकडला जातो. रस्त्यावर लष्कर नसते. म्हणून ग्वांगजूवरचा चित्रपट पाहताना आपण आणीबाणी बाजूला ठेवतो आणि १९३० कडे, म्हणजे परक्या सत्तेकडे वळतो. ही निवड आपण जाणूनबुजून करीत नाही. चित्रपट समजून घेण्याचे निम्मे काम तेथेच होऊन जाते, किंवा बिघडते.

दुसरी अडचण आपल्या चित्रपटपरंपरेतून येते. 'राजकीय चित्रपट' म्हटले की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) येतात. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे सोलापूर जिल्ह्यातलेच, पंढरपूरचे. दोन्हींचे पटकथालेखन विजय तेंडुलकरांचे. 'सिंहासन'चे जग मंत्रालय, आमदार निवास आणि वृत्तपत्राची कचेरी यांच्यात फिरते. राजकारण म्हणजे राजकारणी लोक जे करतात ते, ही त्या चित्रपटाने आपल्याला दिलेली व्याख्या. तिचा परिणाम इतका खोल आहे की 'ए टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये एकही पुढारी भेटत नाही, तेव्हा हा 'राजकीय' चित्रपट कसा, असा प्रश्न विद्यार्थी प्रामाणिकपणे विचारतात. तो अस्थानी नाही. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस सगळे पाहतो, सगळे जाणतो आणि शेवटी त्याचा तोल सुटतो. जाणणे आणि बदलणे यांच्यातला पूल तुटला आहे, असे तो चित्रपट सांगतो. हिंट्झपेटर मात्र चित्रफितींचे डबे देशाबाहेर नेतो आणि जग पाहते. मराठी प्रेक्षकाला हा शेवट भाबडा वाटला तर तो दोष कोरियन दिग्दर्शकाचा नाही. आपला पत्रकार वेडा झालेला आहे, म्हणून दुसऱ्याचा पत्रकार यशस्वी झालेला आपल्याला पटत नाही.

'सामना' आणि जांग जून-ह्वान यांचा '१९८७ : व्हेन द डे कम्स' (२०१७) यांची तुलना तर वर्गात आवर्जून करावी अशी आहे. दोन्ही चित्रपट एका माणसाच्या मृत्यूभोवती फिरतात. 'सामना'त मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न हिंदुराव धोंडे पाटलांच्या साम्राज्यात एक दारुडा मास्तर पुन्हापुन्हा विचारत राहतो. '१९८७'मध्ये पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी १४ जानेवारी १९८७ रोजी पोलिसांच्या छळात मरण पावतो आणि चौकशी करणाऱ्याने टेबलावर हात आपटला तेवढ्याने तो दगावला, असा खुलासा पोलीस करतात. पुढे काय होते? एक सरकारी वकील शवविच्छेदनाशिवाय दहनाच्या कागदावर सही करायचे नाकारतो. एक डॉक्टर खोलीत पाणी होते एवढेच बोलतो. एक बातमीदार ते छापतो. तुरुंगातला एक पहारेकरी चिठ्ठ्या बाहेर पोचवतो. प्रत्येकजण आपल्यापुरते थोडेसे करतो आणि पडद्यावरून जवळजवळ नाहीसा होतो. सदसद्विवेक म्हणजे एकटा माणूस, हे समीकरण आपल्या नाटकांनी आणि चित्रपटांनी इतके घट्ट केले आहे की '१९८७'चा नायक कोण हे शोधण्यात आपला अर्धा चित्रपट निघून जातो. तेथे नायक नाही, साखळी आहे. जून १९८७ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या लोकांपैकी बहुतेकांनी थोडेसेच केले होते आणि तेवढ्याने २९ जूनला सत्ताधाऱ्यांना थेट निवडणूक मान्य करावी लागली, हे कोरियन प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. तो किंवा त्याचे आईवडील त्यांत होते.

यांग वू-सोक यांच्या 'द अटर्नी'मधला (२०१३) एक तपशील येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १९८१ च्या बुसानमधील वाचनमंडळाच्या खटल्यावर आधारलेल्या या चित्रपटात देशद्रोहाचा पुरावा म्हणून जी पुस्तके न्यायालयात येतात, त्यांत ई. एच. कार यांचे 'व्हॉट इज हिस्टरी' आहे. आपल्या महाविद्यालयांत हे पुस्तक परीक्षेपुरते वाचले जाते, मार्गदर्शकांतून पाठ केले जाते. त्यामुळे आपल्याला तो प्रसंग विनोदी वाटतो. कोरियन प्रेक्षकाला तो तसा वाटत नसावा.

जपानचा प्रश्न वेगळाच आहे. जपानी राजवटीविरुद्धच्या लढ्यावरचे 'असॅसिनेशन' (२०१५) किंवा 'द एज ऑफ शॅडोज' (२०१६) यांसारखे चित्रपट भारतीय प्रेक्षकापुढे येतात तेव्हा त्याच्या मनात जपानची एक तयार प्रतिमा असते, आणि ती बरीचशी नेताजी आणि आझाद हिंद सेनेने दिलेली असते. इंग्रजांच्या शत्रूकडे आपण शत्रू म्हणून कधी नीट पाहिलेच नाही. सोलापूर येथे अपवाद ठरू शकते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस या गावचे. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला होता. १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनमध्ये गेले, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ मध्येच पडद्यावर आला. म्हणजे आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांच्या खटल्याने देश पेटलेला असताना, जपानी बाँबखाली काम करणाऱ्या एका सोलापूरकराचा चित्रपटही लोक पाहत होते. ज्याच्या गावात कोटणीसांचे स्मारक आहे त्याला आशियातल्या दुसऱ्या बाजूचे दुःख समजायला एक वाट उपलब्ध आहे. ती वाट वापरली जाते असे मात्र दिसत नाही. कोटणीस आपल्या लेखी भारत-चीन मैत्रीचे प्रतीक झाले आणि ते कोणाच्या विरोधात उभे होते, हे मागे पडले.

कारण प्रत्यक्ष घडलेले आणि आठवणीत राहिलेले यांत अंतर असते. पार्क चान-वूक यांच्या 'जॉइंट सिक्युरिटी एरिया'मधली (२०००) स्वित्झर्लंडहून आलेली तपास अधिकारी ही, दोन्ही कोरियांना नकार देऊन तिसऱ्या देशात गेलेल्या एका युद्धकैद्याची मुलगी असते. असे ७६ कैदी होते आणि १९५४ च्या आरंभी ते पहिल्यांदा आले ते भारतात. युद्धकैद्यांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांचा ताबा ज्या भारतीय दलाकडे होता त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे मराठी सेनानी. चोई इन-हून यांच्या 'द स्क्वेअर' या १९६० च्या कादंबरीत तर अशाच कैद्याला नेणाऱ्या जहाजाचे नाव टागोर आहे. इतके असूनही ते पात्र पाहताना मराठी प्रेक्षकाला काही आठवत नाही. घडलेला इतिहास आपला आहे, स्मृती नाही. चित्रपट कळायला दुसरी लागते.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या चित्रपटाकडे येतो. ली चांग-दोंग यांचा 'पेपरमिंट कँडी' १ जानेवारी २००० रोजी प्रदर्शित झाला. ली आधी शिक्षक आणि कादंबरीकार होते, हे त्याच्या बांधणीत दिसते. योंग-हो हा माणूस रेल्वेपुलावर धावत्या गाडीसमोर उभा राहतो आणि तेथून गोष्ट टप्प्याटप्प्याने मागे जाते : दिवाळखोर व्यापारी, त्याआधी विद्यार्थ्यांचा छळ करणारा पोलीस, त्याआधी १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजूत उतरवलेला सक्तीच्या भरतीचा कोवळा शिपाई. रेल्वे यार्डात रात्री तो एका शाळकरी मुलीला पळून जायला सांगतो, इतरांना दाखवण्यापुरती गोळी झाडतो आणि ती मुलगी मरते.

हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला अवघड जातो. अवघड जाण्याचे कारण त्याची उलटी रचना आहे असे सर्रास सांगितले जाते. आमच्या मते खरे कारण गणवेश हे आहे. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषाला सैन्यात जावेच लागते. चित्रपटगृहातला जवळजवळ प्रत्येक पुरुष कधी ना कधी योंग-होच्या जागी उभा राहू शकला असता. आपल्याकडे सैनिक स्वेच्छेने भरती होतो आणि 'जवान' या शब्दाला एक पावित्र्य आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या कथेत गणवेशातला माणूस एकतर गोरा सार्जंट असतो किंवा नाव नसलेला शिपाई. त्याच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न आपल्या कथनपरंपरेने फारसा विचारलेला नाही. त्यामुळे 'पेपरमिंट कँडी' आपण एका बिघडलेल्या माणसाची शोकांतिका म्हणून पाहतो, आणि ग्वांगजूचा भाग आपल्याला त्यातला एक प्रसंग वाटतो. कोरियन प्रेक्षकाच्या लेखी तो मुळाशी आहे. 'ए टॅक्सी ड्रायव्हर'मध्येही नाक्यावरचा एक सैनिक डिकीत लपवलेली सोलची नंबरपाटी पाहतो आणि गाडी जाऊ देतो. तो क्षण आपल्याला सुटकेचा थरार देऊन निघून जातो. पाहणाऱ्याने तेथे थांबून त्या सैनिकाकडे बघावे, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा आहे.

कोरियन समाजाने ही अपेक्षा चित्रपटापुरती ठेवली नाही. १९९५ मध्ये खास कायदा झाला, १९९६ मध्ये चुन दू-ह्वान यांना देहदंड सुनावला गेला. पुढे तो जन्मठेपेत बदलला आणि १९९७ च्या डिसेंबरात माफीही मिळाली. चुन २०२१ मध्ये वारले, क्षमा न मागता. त्याच वर्षी एका माजी पॅराट्रूपरने, ज्याला त्याने ग्वांगजूत गोळी घातली होती त्याच्या कुटुंबीयांसमोर गुडघे टेकले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सोक-योल यांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला, तेव्हा काही तासांत संसदेत पोचलेल्या १९० सदस्यांनी तो रद्द करण्याचा ठराव केला आणि इमारतीबाहेर नागरिकांनी सैनिकांच्या वाटा अडवल्या. त्याच्या वर्षभर आधी १९७९ च्या बंडावरचा '१२.१२ : द डे' तेथे १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला होता. चित्रपटाने लोकशाही वाचवली, असले विधान आम्ही करणार नाही. पण लष्करी कायदा म्हणजे काय हे त्या रात्री तेथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

सोलापूरच्या प्रेक्षकाला हे चित्रपट पाहून परत स्वतःच्या पेठेत यायचे असेल तर प्रश्न मंगळवार पेठेच्या चौकीपाशी येऊन थांबतो. चार हुतात्मे त्या हत्येत नव्हते, त्यांना गोवण्यात आले, अशी गावाची ठाम धारणा आहे आणि त्या खटल्यामागचा सूड पाहता ती समजण्यासारखी आहे. पण हे चौघे निर्दोष ठरले की त्या दोन पोलिसांचे मरण कथेतून जवळजवळ बाहेरच पडते. त्यांना कोणी मारले हे विचारण्याची गरज उरत नाही, आणि ते कोण होते हेही विचारले जात नाही. तेही पगारासाठी साहेबाच्या चाकरीत गेलेले इथलेच लोक होते. ज्या जमावातून शंकर शिवदारे पुढे आले त्याच गर्दीपुढे ते त्या दिवशी उभे होते. चौघांची नावे आज शाळेतल्या मुलालाही सांगता येतात. या दोघांची नावे कोणत्या पुतळ्याखाली असणार नाहीत, हे उघड आहे. खटल्याच्या कागदांत ती आहेत, आणि त्यांची घरे कोणत्या पेठेत होती हे शोधण्याचे काम इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याला अजूनही हाती घेता येईल.